सुपातलं लेकरू

गुणाबाईची हाक आधी यायची आणि मागून टोपलीचा वास. वडशाला आमच्या गल्लीत शिरली की पहिल्या घरापासून तिचं सुरू व्हायचं, "मरळ घ्या वो, जित्ती मरळ!" आमच्या दारापाशी मात्र ती ओरडणं थांबवून टोपली सरळ ओट्यावर टेकायची. आम्हाला विचारायची गरज नव्हती. पाणी मागायची, पदरानं मान पुसायची आणि पुढच्या खोलीत मशीनवर वाकलेल्या माझ्या नवऱ्याला, जलालुद्दीनला, म्हणायची, "टेलरभाऊ, माहा झंपर कधी होईन? मी मेल्यावर?"

हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की जलालुद्दीनच्या दुकानात मंडळ्यांचे अंगरखे आणि पडदे यांचा ढीग पडतो. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज त्याखाली दबून जातात. तो मान वर न करता म्हणायचा, "आधी राजाचा अंगरखा, गुणाबाई, मग तुमचं झंपर."

"राजा उघडा आला तं लोक हासतीन. मी उघडी आली तं लोक पळतीन. कोनतं वाईट, तुमीच सांगा."

जलालुद्दीन हसायचा, आणि ब्लाउज त्या आठवड्यात होऊन जायचा.

ती ढिवरांची, मासे धरणाऱ्यांची. वडशापासून जवळच एका मोठ्या तलावाकाठी त्यांची टोली, म्हणजे वस्ती, आहे. नवरा इसरू काविळीनं गेला तेव्हा तिचा मुलगा रोशन नुकता चालायला लागला होता. तेव्हापासून जाळं दिराकडे आणि टोपली तिच्याकडे. दिराची बायको आशाबाई भिंतीला भिंत लागून राहायची. हिवाळ्यात कधी ती शिंगाडे घेऊन गुणाबाईबरोबर यायची. ही जितकी बोलायची तितकीच ती गप्प. रोशनचा विषय निघाला की आशाबाई आपल्या टोपलीतले शिंगाडे उगाच खालीवर करायची. मला वाटायचं, बोलकी जाऊ असली की दुसरीच्या हाताला असाच काहीतरी चाळा लागतो.

विषय मात्र रोशनचाच निघायचा. रोशन पाण्यात किती वेळ बुडी मारून राहतो, रोशनला वाळलेले झिंगे कसे आवडतात, रोशननं बारावी कशी एका दमात काढली. पण दुसऱ्या कोणी त्याचं कौतुक केलेलं तिला चालायचं नाही. एकदा तो टोपली उचलायला तिच्याबरोबर आला होता, उंच, सावळा, हसरा. मी म्हटलं, "किती देखणा झाला हो पोरगा." गुणाबाई लगेच जमिनीवर थुंकली.

"काहाचा देखना? कोंड्याच्या भावाचा पोट्टा हाय माहा. कोनी फुकटात दिला तरी घेऊ नोका."

रोशन म्हणाला, "पाहा काकू, माही माय मले असंच इकते."

मी हसले. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून लेकराला नावं ठेवतातच. कोंड्याच्या भावाचा, हेही तसलंच काहीतरी, असं समजून मी ते सोडून दिलं.

मलाही एकच लेकरू आहे. मदीहा. मी लग्नाआधी चंद्रपूरला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, आणि त्या पदवीचा उपयोग तिचा अभ्यास घेण्यापुरता झाला. पण तेवढा चांगला झाला. ती नागपूरला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. खोली भाड्याची, येणं-जाणं उशिराचं. "पोचले" असा तिचा निरोप आल्याशिवाय मला झोप येत नाही. आज तो अजून आलेला नाही, म्हणून बसून हे लिहिते आहे. गुणाबाईबद्दल कधीतरी लिहायचं होतंच.

*

रोशन टोलीतल्या पोरांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. आमच्याकडून दरवर्षी जातात, धान निघालं की. त्या वर्षी मिरची अर्धी तोडून झाली आणि देश बंद झाला. गाड्या नाहीत, बस नाही. मालकानं शेतातून उठा म्हटलं. रोशननं कोणाच्या तरी फोनवरून घरी सांगितलं, "माय, निंगालो. पायीच येतो जंगला-जंगलानं. तू झिंगे भाजून ठेवजो."

बरोबरची पोरं आली. रोशन आला नाही.

नदी उतरल्यावर त्याच्या अंगात ताप भरला होता, असं पोरांनी सांगितलं. तेव्हा कुठल्याच गावात बाहेरच्याला शिरू देत नव्हते, आणि ताप असलेला कोणी बरोबर दिसला तर सगळ्यांनाच हाकलत होते. एका झाडाखाली तो बसला आणि म्हणाला, तुम्ही व्हा समोर, ऊन उतरलं की येतो. पोरं गेली. ती पोरं हे सांगताना गुणाबाईच्या पायांकडे बघत होती. टोलीतल्या बायांनी त्यांना शिव्या घातल्या. गुणाबाईनं घातल्या नाहीत. तिनं एवढंच विचारलं, "पानी होतं काय त्याच्यापाशी?"

"होतं, मोठी माय. बाटली भरून ठेवली होती."

"मंग येते," ती म्हणाली.

तिनं हे मला सांगितलं तेव्हा बंदी उठून पुन्हा मासळी सुरू झाली होती. त्यानंतर हाकेत तोच जोर, जलालुद्दीनशी तीच थट्टा. फक्त परतताना ती आता स्टेशनवरून जायची. चंद्रपूरकडची गाडी येईपर्यंत थांबायची, उतरणाऱ्यांचे चेहरे पाहायची आणि मग टोलीकडे वळायची. मी एकदा म्हटलं, "गुणाबाई, तो पायी निघाला होता ना?"

"पायी चालून चालून थकला असंन वो भाभी. गाडीत बसला असंन कुठीतरी."

तीन उन्हाळे गेले. चौथ्या उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या जंगलात मोठा वणवा लागला. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला लोक जाळतात, ती आग कधी हाताबाहेर जाते. आग विझल्यावर तेंदूपानं तोडायला गेलेल्यांना एका उतारावर राखेत हाडं दिसली. माणसाची. जवळ पट्ट्याचा बक्कल आणि वितळलेल्या प्लास्टिकचा गोळा. तसला बक्कल कोणाच्याही कमरेला असतो.

त्या वाटेनं निघून घरी न पोचलेले रोशनसारखे आणखीही होते. पोलिसांनी अशा घरांच्या लोकांना बोलावलं. गुणाबाई गेली. शिपायानं विचारलं, "आई कोण?" ती म्हणाली, "मी." तिच्या बोटातून रक्त घेतलं. आशाबाई तिच्याबरोबर गेली होती. ती बाहेर झाडाखाली बसून राहिली.

काही महिन्यांनी उत्तर आलं, ते म्हणजे उत्तरच नव्हतं. हाडं इतकी जळलेली आणि मातीत मुरलेली होती की नेहमीच्या तपासणीत त्यांतून काही हाती लागलं नव्हतं.

*

मदीहा तेव्हा नेमकं ह्याच कामावर होती. ईदला घरी आली असताना तिनं मला ते समजावलं. गुणाबाई ओट्यावर विळीसारखी पावशी रोवून मासे चिरत होती आणि कान आमच्याकडे होता.

मदीहा म्हणाली, "अम्मी, जुन्या हाडात डीएनए उरतो, पण अगदी थोडा आणि तुटका. त्यात माती, राख, जंतूंचे डीएनए, सगळा गाळ. आपल्याला त्यातून एकच तुकडा हवा असतो. म्हणून आम्ही एक द्रव वापरतो. मॅग्नेटिक आयॉनिक लिक्विड."

हे मला नवीन होतं. आमच्या वेळी मीठ म्हटलं की खडा. हे वितळलेल्या मिठासारखं, पण थंडीतही पातळ राहणारं, आणि त्यात धातू असल्यामुळे लोहचुंबकाकडे ओढलं जाणारं. पाण्यात टाकलं तर तेलाच्या थेंबासारखं वेगळं राहतं. त्या थेंबाला धरून राहील अशी एक छोटी साखळी ते तयार करतात. ती साखळी हव्या त्या क्रमालाच चिकटते, दुसऱ्या कशाला नाही. गढूळ पाण्यात थेंब फिरवायचा, बाहेरून चुंबक लावायचा. थेंब तो तुकडा घेऊन काचेच्या कडेला धावत येतो.

गुणाबाई मध्येच म्हणाली, "म्हंजे गरीच ना वो."

"काय?"

"गरी, मासे धराचा गळ. गढूळ पान्यात टाकाची, आन् मरळीच्या चाऱ्यानं मरळच लागाची. मंग तू तं ढिवरीनच झाली पोरी! टेलरभाऊ, आयकलं काय? तुमची पोट्टी आमच्यात आली!"

आतून जलालुद्दीन ओरडला, "मग हुंडा मासळीत घ्या!"

सगळे हसलो. मग गुणाबाईनं हात धुतले आणि मदीहाच्या समोर येऊन बसली. "त्या हाडाइचं होईन काय असं?"

मदीहा माझ्याकडे बघू लागली. असं कोणाच्या ओळखीनं होत नसतं, हे तिनं तिला सांगितलं. पण पुढे तपास अडला तेव्हा पोलिसांनीच तो नमुना परवानगी काढून नागपूरला त्यांच्या प्रयोगशाळेकडे पाठवला. नमुन्यावर माणसाचं नाव नसतं, कुठल्या ठाण्याचा ते असतं. तिला कळायचं ते कळलं. मला तेव्हाच काळजी वाटली होती. ओळखीच्या माणसाचं हाड आपल्या पोरीनं कुटू नये असं वाटत होतं. मी तिला ते बोलले नाही.

जो तुकडा त्यांनी शोधला तो आईकडून लेकराकडे जसाच्या तसा येतो. बापाचा त्यात वाटा नसतो. हाडात तोच सगळ्यात चिवट टिकतो. तो हाती लागला. पुन्हा घेतलेल्या गुणाबाईच्या रक्ताशी ताडून पाहिला. जुळला नाही.

मदीहानं तीन-तीनदा करून पाहिलं होतं. ठाण्यातून गुणाबाईला कळवण्यात आलं की हाडं तिच्या मुलाची नाहीत. त्या दिवशी तिची हाक गल्लीच्या तोंडापासून आली नाही. ती पळतच आली. टोपलीत हातभर लांब मरळ होती आणि ती तिनं माझ्या परातीत आपटली.

"खा आता! रोशन जित्ता हाय! तुह्या पोरीनं सांगतलं!"

मी तिला मिठी मारली. अंगाला माशाचा वास लागला तो मला दिवसभर बरा वाटला. मी मदीहाला फोन करून सांगितलं, तीही रडली. इतक्या वर्षांच्या शिक्षणात पहिल्यांदाच तिच्या कामानं कोणाच्या घरी मासा शिजला होता.

गुणाबाईनं घराची कौलं परतवून घेतली. पोट्टा आला की लग्न करायचं म्हणून ब्रम्हपुरीकडच्या एका मुलीची चौकशीही सुरू केली. जलालुद्दीनला म्हणाली, नवरदेवाचा कोट तुम्हीच शिवायचा, राजाच्या मापाचा.

आशाबाई त्या दिवसात एकदाच आली. तिनं शिंगाडे मोजून दिले, आणि जाताना दारात थांबून म्हणाली, "भाभी, ते तपासनी चुकते काय कधी?"

"नाही हो. मदीहानं खूपदा केली."

"हाव," ती म्हणाली आणि गेली. ती खूप वाळली होती. मी गुणाबाईला विचारलं तर ती म्हणाली, "तिले जेवन जात नाई. दिष्ट लागली असंन."

*

पावसाळा संपता संपता एक दिवस गुणाबाई ओट्यावर मरळ साफ करत बसली होती. खवले काढून झाले होते. पोटाला पावशीची धार लावून ती थांबली.

"भाभी, दूध काहाचं बनते?"

"कसलं दूध?"

"बाईचं. आईचं. रक्ताचंच ना?"

"रक्तातूनच बनतं."

"मंग ते पेलं तं लेकरात आईचं रक्त गेलंच ना. तुमची पोट्टी जे पाह्यते, ते दुधातून जाते ना?"

माझ्या तोंडात शिकवण्याची सवय आहे. मी सांगू लागले की तो तुकडा गर्भात येतो, आईच्या बीजातून, दुधाचा त्याच्याशी... आणि बोलता बोलता मला कोंड्याच्या भावाचा पोट्टा आठवला. शिंगाडे खालीवर करणारे आशाबाईचे हात आठवले. 

"जाते ना?" तिनं पुन्हा विचारलं.

 ती वाट पाहत होती. शेवटी मी म्हटलं, "नाही, गुणाबाई. दुधातून नाही जात."

तिनं पावशीवर मासा दाबला. काहीतरी चुकलं आणि पित्ताची पिशवी फुटली. हिरवट पिवळं पाणी पांढऱ्या मांसावर पसरलं. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं एकदाही झालेलं मी पाहिलं नव्हतं. तिनं तो मासा पाण्यानं धुतला, पुन्हा धुतला, वास घेतला.

"कडू झाला," ती म्हणाली. "नोका शिजवू." तो पानात गुंडाळून टोपलीत टाकला आणि उठली. स्टेशनकडे वळली नाही. सरळ टोलीच्या वाटेनं गेली.

मी मदीहाला फोन करून दुधाचा तो प्रश्न सांगितला. आमच्या घरात आम्ही हिंदीत बोलतो, इथे मात्र तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे.  ती म्हणाली, "अम्मी, मी 'नाही' म्हटलं. माझ्या हातानं."

"तू खोटं नाही बोललीस."

"खरं बोलले म्हणूनच तर."

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. जेवली नाही. तिचा चेहरा पाहून मला धडकी भरली. तिच्या जन्माच्या वेळीही मी तिच्यासाठी इतकी घाबरले नव्हते. म्हणत होती, टोलीवर जाते, विचारते, एकदा खऱ्या आईचं रक्त मिळालं की झालं. ती हाडं बेवारस म्हणून पुरून टाकायचं ठरलं होतं, तेही तिनं सांगितलं. मी तिला दारात अडवलं. "खरी आई" हा शब्द त्या टोलीवर जाऊन कोणाच्या तोंडावर टाकणार होती ती?

मी एकटी गेले. तलावाकाठी गुणाबाई फाटलेलं जाळं गुडघ्यावर घेऊन विणत होती. माझ्याकडे पाहून सरकली, जागा केली.

मी म्हटलं, "ती हाडं आता पुरून टाकणार आहेत. कोणाचीच नाहीत म्हणून."

"नसतीन कोनाची."

"या महिन्यात."

"ते रोशनचे नाईत. तुमच्याच पोरीनं सांगतलं ना?"

"हो."

"मंग?"

 आम्ही दोघी पाण्याकडे पाहत बसलो. जाळ्याची गाठ तिच्या हातून पुन्हा पुन्हा सुटत होती. उठताना मी एवढंच म्हटलं, "मदीहा अजून इथेच आहे. शनिवारी जाईल."

*

शनिवारी त्या दोघी आल्या. टोपल्या नव्हत्या. गुणाबाईनं मी आणलेलं पाणी घेतलं नाही, आशाबाईला खुणेनं ओट्याखाली अंगणात बसवलं आणि मदीहाला समोर बसायला सांगितलं. जलालुद्दीननं मशीन थांबवली.

"आयक पोरी," गुणाबाई म्हणाली. "हे मी एकडावच बोलीन."

तिला तीन मुलं झाली होती आणि एकही सव्वा महिना पाहू शकलं नाही. तिसरं गेलं त्याच आठवड्यात आशाबाईला तिसरा मुलगा झाला. आशाबाईचे आधीचे दोन ठणठणीत होते. गुणाबाईच्या अंगावर दूध होतं आणि पाजायला कोणी नव्हतं. पदर ओला व्हायचा म्हणून ती घराबाहेर पडत नव्हती. पाचवीच्या दिवशी सासूनं सूप मागवलं. त्यात बाळ ठेवून ते उंबऱ्यावर ठेवलं. आशाबाईनं आतून सूप पुढे सारलं, गुणाबाईनं बाहेरून मूठभर कोंडा टाकून बाळ उचललं. विकत घेतलेल्या लेकराला घरची बाधा लागत नाही. सासूनं दोघींना बजावलं, आता हे हिचं. ज्या दिवशी कोणी तोंडानं म्हणेल की हे हिचं नाही, त्या दिवशी हे जाईल. सासू गेली, इसरू गेला. दोघींनी कधीच म्हटलं नाही. एकमेकींनाही नाही.

"शिपायानं इचारलं, आई कोन. मी काय सांगाव? मले माहीत होतं, दूध पेला तं रक्त माहंच. अन् तसं नाई म्हनलं असतं तं..." ती थांबली.

आशाबाई अंगणातून म्हणाली, "नोको बोलू वो बाई. नोको बोलू."

"तुले माहीत होतं ना तपासनी काऊन जुळली नाई?"

"माहीत होतं."

"मंग मी कवेलू परतवत होती तवा काऊन नाई बोलली?"

"काय बोलू? तू हासत होती. किती दिसानं हासत होती! अन् मी बोलली असती अन् तो कुठी जित्ता असता तं? मी जन्म देऊन मीच त्याले..."

गुणाबाईनं डोळे मिटले. मग ते उघडून मदीहाकडे पाहिलं आणि म्हणाली, "रोशन आशाचा हाय. माह्या पोटचा नाई."

आशाबाई उठलीच. आयुष्यभर गप्प असलेली ती बाई किंचाळली, "मारलं! तुह्याच तोंडानं मारलं तू त्याले!"

"मारलं नाई वो," गुणाबाई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तिथी एकटा पडला हाय. मी त्याले घरी आनून राह्यली."

मग तिनं पाण्याचा तांब्या मागितला आणि अंगणाच्या कडेला जाऊन चूळ भरली. पुन्हा भरली. तांब्या संपेपर्यंत भरत राहिली.

*

आशाबाईचं रक्त ठाण्यातून रीतसर गेलं. या वेळी मदीहानं ते काम आपल्या सोबतच्या मुलीकडे दिलं आणि स्वतः बाजूला बसून राहिली. थेंब चुंबकाकडे आला, तुकडा निघाला, जुळला. मग बाकीच्या तपासण्याही करून घेतल्या. त्याही जुळल्या. फोनवर ती मला एवढंच म्हणाली, "अम्मी, आहे." तिच्या कामात एवढं चांगलं काही आजवर झालं नव्हतं. तिच्या सरांनी तिचं कौतुक केलं तेव्हा ती उठून बाहेर गेली.

हाडं घ्यायला आम्ही सगळे ठाण्यात गेलो होतो. पांढऱ्या कापडात बांधलेलं एक लहानसं गाठोडं. शिपायानं नाव पुकारलं ते आशाबाईचं. गुणाबाई मागे झाली, ओळीतल्या परक्या माणसासारखी. आशाबाईनं अंगठा उठवला, गाठोडं घेतलं. ट्रॅक्टरमध्ये ती एका कडेला आणि गुणाबाई दुसऱ्या कडेला बसली. टोलीपर्यंत दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. मला भीती वाटत होती की आता हे असंच राहणार. मदीहा माझा हात धरून बसली होती.

टोलीवर बाया जमल्या होत्या. गुणाबाई आपल्या दारासमोर अंगणात थांबली. आत जावं की नाही हे तिला ठरवता येईना. एक म्हातारी म्हणाली, "आईनं पानी पाजाचं असते हाडाले," आणि सगळ्या आशाबाईकडे बघू लागल्या.

आशाबाई गाठोडं घेऊन आपल्या घरात गेली. दार अर्धं लोटलं. आत काहीतरी खालीवर केल्याचा आवाज आला. मग ती उंबऱ्यापाशी आली आणि आतल्या बाजूनं खाली बसली. तिच्या हातात सूप होतं. जुनं, कडेनं फाटलेलं, शेणानं सारवलेलं. ते तेच होतं की दुसरं, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. त्यात गाठोडं ठेवलेलं होतं.

तिनं सूप उंबऱ्यावर ठेवलं आणि बाहेर सारलं.

 गुणाबाई तिथेच उभी होती. मग ती आपल्या घरात धावत गेली, आणि परत आली तेव्हा तिची मूठ बंद होती. उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूनं बसून तिनं ती आशाबाईच्या पुढ्यात उघडली. कोंडा.

"घे वो," ती म्हणाली.

तिनं गाठोडं उचलून पदराखाली घेतलं, जसं पाजायला घेतात तसं, आणि तशीच ती तलावाकडे चालू लागली. आशाबाई तिच्या मागून गेली. जाताना म्हातारीनं कोणालातरी सांगितलं, "पानी घ्या, रोशनच्या मायले पानी द्या," आणि तांब्या गुणाबाईच्याच हाती गेला.

भाजलेले झिंगे ती सोबत घेऊन गेली होती, हे मला नंतर कळलं.

आता ती पुन्हा गल्लीत येते. आवाज बसला आहे, त्यामुळे हाक ऐकू यायच्या आधी वास येतो. परवा जलालुद्दीननं विचारलं, झंपर शिवायला टाकायचं आहे का. ती म्हणाली, "आधी राजाचा शिवा." एवढंच. पुढे काही जोडलं नाही. आशाबाई आता हिवाळा नसला तरी बरोबर असते. दोघी मिळून एकच टोपली आणतात.

मदीहा आता कुठलाही आईचा नमुना आला की ठाण्यात फोन करून सांगते की त्या बाईशी एकटीशी बोला, सावकाश बोला, आणि ती गप्प राहिली तर वाट पाहा. तिचे सर म्हणतात की हे तिचं काम नाही. ती अजून नीट जेवत नाही. मागच्या आठवड्यात आली तेव्हा गुणाबाईनं तिच्यासाठी मरळ आणली होती. मी स्वतः शिजवली. मदीहानं पहिला घास तोंडात घातला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "अम्मी, कडू आहे का?"

कडू नव्हती. मी खाऊन पाहिली होती. पण तिनं ताट सारलं.

फोन वाजला. "पोचले," एवढंच लिहिलं आहे.